कुकर पहिल्यांदाच लावताय? इंदूरच्या स्वयंपाकघरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंवरकुआँला कोचिंगसाठी येऊन राहिलेली पोरं, लग्न होऊन महाराष्ट्रातून इंदूरला आलेल्या नव्या सुना आणि रिटायर झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा गॅससमोर उभे राहिलेले एक-दोन काका, हे सगळे मला कुकरबद्दल फिरून फिरून तेच विचारतात. फोनवर प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. ज्याला जे हवं ते वाचा, पण कुकर फुटण्याबद्दलचा प्रश्न मात्र कोणी सोडू नका.

किती शिट्ट्या घ्यायच्या? प्रत्येकजण वेगळंच सांगतो.

सांगणारच. शेजारच्या भाभी म्हणतात "पाँच सीटी ले लो", पुण्याची मावशी म्हणते तीन, आणि दोघींचीही डाळ मऊ शिजते. कारण शिट्टी हे काही घड्याळ नाही. आत प्रेशर ठरलेल्या हद्दीच्या वर गेलं की नळीवरचं शिट्टीचं वजन वाफेनं उचललं जातं, थोडी वाफ बाहेर जाते आणि ते परत खाली बसतं, एवढंच तिचं काम. गॅस मोठा असेल, कुकर लहान असेल नाहीतर आत माल कमी असेल तर शिट्ट्या भराभरा होतात, तिकडे डाळ अजून कच्चीच असते. गॅस बारीक असेल तर दहा मिनिटांत एक शिट्टी होते आणि डाळ केव्हाच शिजून बसलेली असते.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. मोठ्या गॅसवर पहिली शिट्टी होऊ द्या, मग गॅस बारीक करा आणि तिथून मिनिटं मोजा. एकदा पूर्ण प्रेशर आलं की ते टिकवायला बारीक आच पुरते, वर गॅस मोठा ठेवून फक्त वाफ बाहेर सोडायची आणि सिलेंडर लवकर संपवायचा. भिजवलेल्या तुरीच्या डाळीला पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर सात-आठ मिनिटं भरपूर होतात. शिट्ट्याच मोजायची सवय असेल तर मोजा, पण मग आच आणि कुकर रोज तोच ठेवा, नाहीतर तो हिशोब जुळत नाही.

आता हे सगळं होतं का, तर उघड्या भांड्यात पाणी शंभर डिग्रीच्या वर तापतच नाही, कितीही जाळ लावा. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर, म्हणजे इथे तर ते ९८ च्या आसपासच उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो आणि तेच पाणी १२० डिग्रीच्या जवळ जाऊन उकळतं. वीस डिग्रीचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही पण तासाचं काम पंधरा मिनिटांत होतं ते त्याच्यामुळेच.

कुकर फुटतो का हो? मला खूप भीती वाटते.

भीती वाटते ते चांगलंच आहे, थोडी असू द्या. पण चांगला कुकर आपोआप उठून फुटत नाही. अपघात होतात ते बहुतेक तीन-चारच कारणांनी: वाफ जायची नळी चोंदलेली, कुकर गळ्यापर्यंत भरलेला, पाणी आटून कोरडा पडलेला, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वाफ आत असताना झाकण ओढून उघडलेलं.

पहिली सवय, रोजची, आणि हिला पर्याय नाही. झाकण लावायच्या आधी ते उजेडाकडे धरायचं आणि ज्या नळीवर शिट्टी बसते तिच्यातून आरपार बघायचं. उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला तर डाळीचं साल नाहीतर भाताचं शीत अडकलंय असं समजा, सुईनं काढा, नळाखाली धरा, परत बघा. दोन सेकंदांचं काम आहे आणि माझ्या ओळखीतले निम्मे लोक ते करत नाहीत.

दुसरी म्हणजे भरायची मर्यादा. भाजी, बटाटे वगैरे असतील तर दोन तृतीयांशपर्यंत, आणि डाळ, तांदूळ, चणे असं फुगणारं किंवा फेस येणारं थेट कुकरमध्ये शिजवत असाल तर अर्ध्याच्या वर नाही. पाहुणे आले म्हणून थोडं जास्त कोंबू, हे कुकरच्या बाबतीत चालत नाही, दोनदा लावा.

तिसरी, पाणी. पाण्याशिवाय वाफ नाही, आणि पाणी संपलं की तापमानाला धरबंद राहत नाही.

एवढं करूनही काही चुकलंच तर झाकणावर सेफ्टी वॉल्व्ह असतोच, त्याच्याबद्दल खाली लिहिलंय. गंमत म्हणजे ही सेफ्टीची कल्पना कुकरएवढीच जुनी आहे. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये हाडं शिजवून मऊ करायचं बंद झाकणाचं भांडं बनवलं, आणि जास्तीची वाफ आपोआप निघून जावी म्हणून वॉल्व्हही त्यानंच काढला. म्हणजे घाबरणारे तुम्ही पहिले नाही.

कोणता कुकर घेऊ?

एकट्यादुकट्याला दोन ते तीन लिटर, चौघांच्या घराला पाच लिटर. पण एक बघा, तुम्हाला आपल्या पद्धतीनं डबे लावून वरण, भात, बटाटे एकदम करायचे असतील तर लिटरपेक्षा उंची आणि तोंड महत्त्वाचं, कारण तीन लिटरच्या बऱ्याच कुकरमध्ये एकावर एक दोन डबे बसतच नाहीत. बर्तन बाजारात जाताना घरातले डबेच पिशवीत घालून न्या आणि दुकानात बसवून बघा, दुकानदार हसला तर हसू दे.

झाकणाचे प्रकार दोन. हॉकिन्ससारखं आतून बसणारं झाकण, जे वाफेच्या दाबानंच तोंडाला आतून घट्ट बसतं आणि प्रेशर असेपर्यंत उघडतच नाही, आणि प्रेस्टीजसारखं बाहेरून फिरवून लावायचं. नवशिक्याला मी आतलं झाकण सांगते, कारण घाईत ओढून उघडायचा प्रश्नच येत नाही. ते तिरकं करून आत घालायला पहिले काही दिवस झटापट करावी लागते, मग हाताला बसतं. बाहेरच्या झाकणाचा कुकर मात्र धुवायला आणि डबे काढ-घाल करायला सोपा.

अ‍ॅल्युमिनियम स्वस्त आणि लवकर तापतो, पण आंबट पदार्थ त्यात शिजवू किंवा ठेवू नये. स्टील महाग पडतं, जड बुडाचंच घ्या, पातळ बुडाच्या स्टीलमध्ये डाळ हमखास खाली लागते.

आणि आयएसआय मार्क बघा, आयएस २३४७ असा नंबर कुकरवर कोरलेला असतो. २०२१ पासून घरगुती कुकरला तो सक्तीचाच आहे, तरी रस्त्यावर आणि ऑनलाइन बिनमार्काचे कुकर मिळतात. दोनशे-तीनशे वाचवायला ते घेऊ नका.

पहिल्यांदा वरणभात लावायचाय, अगदी पहिल्यापासून सांगा.

एक वाटी तुरीची डाळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजत घाला, तांदूळ धुऊन ठेवा. कुकरच्या तळाला जाळी, आणि दोन कप पाणी. नेहमी बोअरिंगचं पाणी वापरत असाल तर लिंबाची पिळून झालेली फोड या तळाच्या पाण्यात टाका म्हणजे कुकर आतून काळा पडत नाही. डाळीच्या डब्यात अडीच वाट्या पाणी, चिमूट हळद, हिंग आणि अर्धा चमचा तेल. तेल विसरू नका, फेस त्यानंच खाली बसतो. हा डबा खाली. त्याच्या वर भाताचा डबा, एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, नवा तांदूळ असेल तर थोडं कमी. भाताच्या डब्यावर ताटली ठेवा.

झाकणाचं रबर आधी ओलं करून नीट खाचेत बसवा, नळीतून उजेड बघा, झाकण लावा. शिट्टी तेव्हाच लावायची की थोडी वाफ दिसल्यावर, यावर घराघरांत वाद आहेत. मी वाफेची सरळ धार दिसल्यावर लावते, त्यामुळे आतली हवा निघून जाते आणि नळी मोकळी आहे हेही डोळ्यांना दिसतं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, दहा मिनिटं (डब्यात असल्यामुळे थेट शिजवण्यापेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त), बंद. वाफ जिरू द्या. मग उघडून डाळ गरम असतानाच रवीनं घोटा, गार झाली की गुठळ्या राहतात. मीठ, गूळ घालून एक उकळी काढा, वर तूप आणि लिंबू, झालं साधं वरण.

सगळं सांगितल्यासारखं केलं तरी डाळ शिजतच नाही. डाळ खराब आहे का?

असू शकते, वर्षभर पडून राहिलेली डाळ हट्टी होते. पण इंदूरमध्ये मी आधी विचारते, पाणी कुठलं? नर्मदेचं की बोअरिंगचं?

नर्मदेचं पाणी आपल्याकडे जलूदहून पंप करून येतं, त्यात डाळ छान शिजते. ते एक दिवसाआड येतं, टाकी संपते, आणि मग कॉलनीत नाहीतर होस्टेलमध्ये बोअरिंगची मोटर चालू होते. ते पाणी जड. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला धरून ठेवतं, मग दाणा फुटत नाही, कितीही शिट्ट्या करा, दाणे वेगळे आणि पाणी वेगळं. त्यामुळे ज्या मुली सांगतात की "आईकडे शिजते, इथेच शिजत नाही" त्यांचा हात बिघडलेला नसतो, पाणी बदललेलं असतं.

उपाय म्हणजे डाळीला प्यायचं पाणी वापरा, फिल्टरचं असेल तर उत्तम. तळाच्या पाण्याला बोअरिंगचं चालेल. डाळ जास्त वेळ भिजवा. अगदीच नाइलाज असेल तर चिमूटभर खायचा सोडा, पण रोज नको, चव साबणासारखी लागते आणि बी-वन जीवनसत्त्व कमी होतं ते वेगळंच.

दुसरं कारण आंबट. चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ शिजायच्या आधी घातलं तर डाळ अडते. मिठाचं एवढं काही नाही, लोक उगीच मिठाला दोष देतात.

शिट्टीच होत नाही, बाजूनं वाफ जाते.

रबर. दहातल्या नऊ वेळा रबर. ते कडक झालंय, चिरलंय, ढिलं पडलंय नाहीतर उलटं बसलंय. तात्पुरतं म्हणून थंड पाण्यात दहा मिनिटं टाकून बघा, आवळतं थोडं, त्या दिवसाचा स्वयंपाक निघतो. पण मग नवीन आणा, आणि आणताना कंपनी आणि लिटर दोन्ही सांगा, किंवा जुनं रबरच हातात घेऊन जा. "कोई भी चलेगा" म्हणणाऱ्या दुकानातून घेऊ नका. रोज धुऊन, पुसून, झाकणातून काढून ठेवलं तर जास्त टिकतं.

रबर चांगलं असेल तर कुकरच्या काठावर बोट फिरवा. कधी पडून पोचा आलेला असतो, कधी नुसतं भाताचं शीत चिकटलेलं असतं. आणि तरीही नाही तर आत पाणीच नाही, हे बघा आधी! बाजूनं वाफ जाणारा कुकर तसाच चालू ठेवला की पाणी लवकर आटतं.

शिट्टीतून पिवळं पाणी उडून सगळा ओटा माखतो.

कुकर जास्त भरलाय, किंवा डाळीत तेल नाही, किंवा गॅस शेवटपर्यंत मोठा. या तिन्हीपैकी एक. मसूर आणि हरभऱ्याची डाळ फेस जास्त करते. डब्यात लावलीत तर हा त्रास जवळपास संपतो, आपली जुनी डब्यांची पद्धत उगीच नाही टिकली. असं उडालं की त्या दिवशी शिट्टी आणि नळी दोन्ही नीट धुवा, वाळलेली डाळ सिमेंटसारखी बसते.

झाकण कधी उघडायचं? घाई असेल तर?

शिट्टी चमच्यानं हलकेच उचलून बघा, फुस्स झालं तर थांबा, काहीच आवाज नाही तर उघडा. साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि ती शिजण्यातच धरायची, त्या वेळात पण आत शिजत असतंच.

घाई असेल तर कुकर सिंकमध्ये ठेवून झाकणाच्या कडेनं थंड पाणी सोडा, शिट्टीवर आणि सेफ्टी वॉल्व्हवर नाही. हे डबे लावले असतील किंवा भाजी असेल तेव्हा. आत थेट पातळ डाळ असेल तर शिट्टी उचलून जबरदस्तीनं वाफ काढू नका, गरम डाळ कारंज्यासारखी वर येते, आणि डाळीचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट कारण ती चिकटते.

बाहेरच्या झाकणाचा कुकर हँडल फिरवताना अडत असेल तर जोर लावायचा नाही. अडतोय म्हणजे आत वाफ आहे. आणि कधीकधी पूर्ण गार झाल्यावरही झाकण निघत नाही, तेव्हा आत वाफ नसते तर उलट झालेलं असतं, वाफेचं पाणी होऊन आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. शिट्टी काढून हवा आत जाऊ द्या, निघतं.

चणे, राजमा, बटाटे, गराडू यांना किती वेळ?

काबुली चणे रात्रभर भिजवून पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर वीस मिनिटं. राजमाही तसाच, वीस ते पंचवीस, आणि त्याचं भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं. राजमा अर्धकच्चा कधीच खाऊ नका, कच्च्या राजम्यात असं द्रव्य असतं की त्यानं उलट्या-जुलाब होतात, पूर्ण शिजल्यावर ते जातं.

मध्यम बटाटे अख्खे, तीन शिट्ट्या मध्यम गॅसवर. साबुदाण्याच्या खिचडीसाठी हवे असतील तर दोनच, नाहीतर हलवताना लगदा होतो. मक्याची कणसं, ती आपली जाड पिवळी, तीन शिट्ट्या.

गराडू, म्हणजे इथला तळून खायचा कंद, थंडीत सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत खाल्ल्यावर घरी करावासा वाटतोच. सोलताना हाताला तेल लावा, खाज येते. तुकडे करून फक्त एक शिट्टी, लगेच गॅस बंद, वाफ काढून बाहेर, कारण त्याला पुढे तळायचंय. दोन शिट्ट्या झाल्या तर कढईत विरघळतो.

पुरणाची डाळ कुकरमध्ये करू का? सासूबाई नाही म्हणतात.

करा की. हरभऱ्याची डाळ तासभर भिजवा, डब्यात नाहीतर थेट, पाणी सढळ, तेल आणि हळद, पहिल्या शिट्टीनंतर बारा-पंधरा मिनिटं. दाणा बोटानं सहज चिरडला पाहिजे पण पीठ व्हायला नको. सासूबाईंचं म्हणणं बहुतेक कटाबद्दल असतं, की डब्यात कट कमी निघतो. ते बरोबर आहे, म्हणून पाणी तिप्पट घाला आणि वरचं निथळून आमटीला ठेवा. गूळ कुकरमध्ये नाही, चाळणीवर डाळ पूर्ण निथळल्यावर पातेल्यात.

सेफ्टी वॉल्व्ह उडाला! आता?

लांबून गॅस बंद करा आणि हात लावू नका, पूर्ण गार होऊ द्या. बऱ्याच कुकरच्या वॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूची गोळी असते, पाणी आटून कुकर भलताच तापला की ती वितळते आणि वाफेला वाट मिळते. म्हणजे तो खराब झाला नाही, त्यानं त्याचं काम केलं. त्याच कंपनीचा नवीन बसवा, स्वस्त असतो. त्या भोकात खिळा, एमसील, कणीक असलं काही भरून काम चालवणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्या घरी जेवायला मी जात नाही. आणि तो का उडाला हे शोधल्याशिवाय परत कुकर लावू नका.

कुकरमध्ये बाटी, केक करता येतो का?

बाफले, म्हणजे आधी उकळून मग भाजायच्या बाट्या, उकळायचे असतील तर कुकर नुसतं भांडं म्हणून वापरा, झाकण नको. कोरड्या कुकरमध्ये भाजायचं म्हणाल तर लोक करतात, पण पाण्याशिवाय तापवला की वॉल्व्हची गोळी वितळते आणि बूड वाकतं. त्यासाठी कढई किंवा गॅस तंदूर घ्या. ढोकळा, इडली मात्र शिट्टी काढून, तळाला पाणी घालून मस्त होते.

जीवनसत्त्वं मरतात का?

उघड्या पातेल्यात तासभर उकळून पाणी ओतून देण्यापेक्षा कुकर बराच बरा. वेळ कमी, पाणी आतल्या आत.

इंडक्शनवर चालेल?

बुडाला चुंबक चिकटलं तर चालेल. साधा अ‍ॅल्युमिनियमचा नाही चालत, इंडक्शन बेस लिहिलेला घ्या. रूमवर राहणाऱ्यांनी हे आधी बघावं. इंडक्शनवर प्रेशर फार पटकन येतं, म्हणून पहिली शिट्टी झाली की लगेच पॉवर खाली आणा.

कुकर करपला.

पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून उकळा, रात्रभर ठेवा, सकाळी लाकडी उलथण्यानं खरवडा. तारेच्या घासणीनं अ‍ॅल्युमिनियम खरवडू नका. आतून नुसता काळा पडला असेल तर चिंचेचं पाणी उकळा, निघून जातं.

आईचा जुना कुकर पडून आहे, तो वापरू का?

सपाट ओट्यावर ठेवून बघा, डुगडुगला तर बूड फुगलंय, तो गेला. हँडलचे स्क्रू हलतात का, काठ वाकडा आहे का, नळी साफ होते का हे बघा. हे सगळं ठीक असेल तर रबर आणि सेफ्टी वॉल्व्ह दोन्ही नवे घाला, शिट्टी त्याच मॉडेलची आहे ना याची खात्री करा, आणि पहिल्यांदा आत नुसतं पाणी घालून दोन-तीन शिट्ट्या काढून बघा. त्या मॉडेलचे सुटे भाग मिळत नसतील तर मोह सोडा, बर्तन बाजारात जुनं भांडं वजनावर घेतात आणि तेवढे पैसे नव्यातून कमी करतात.